मेडुसाच्या मागे, हातभर

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते ढालीत.

ढाल पितळी रंगाची, मोठ्या परातीएवढी, लाकडी तिवईवर तिरकी टेकवलेली. सेटवर जेवणाची सुट्टी झाली होती. मोठे दिवे विझले होते, आणि ती मेडुसाच्या खुर्चीमागे मांडी घालून एका नकली सापाच्या जबड्यात अडकलेला कापसाचा धागा चिमट्याने ओढून काढत होती. आपल्याकडे कुणी बघत असलं की मानेला कळतं. तिने मान वर केली. समोर ढाल, आणि ढालीत कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला एक तरुण. कमरेला मापाची टेप, कानावर खडूचा तुकडा.

"हलू नका," तो म्हणाला.

"का? विंचू आहे?"

"नाही. मोजतोय."

"मला?"

"मेडुसाला. पण तुम्ही तिच्या मागे बसलाय, त्यामुळे... तुम्हालाही."

तिने चिमटा खाली ठेवला. "मग किती भरले मी?"

"इथून ढालीपर्यंत अकरा फूट. ढालीपासून मेडुसापर्यंत सहा. म्हणजे ती सतरा. तुम्ही तिच्या हातभर मागे. साडेअठरा."

"बेरीज करताय. म्हणजे शाळेत लक्ष होतं."

"करावीच लागते. ढालीवर फोकस लावला तर नुसते ढालीवरचे ओरखडे दिसतात. आतलं माणूस दिसायला हवं असेल तर..."

"तर ते माणूस ढालीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर उभं आहे असं धरायचं," ती म्हणाली. "प्रतिबिंब तिथेच असतं."

तेव्हा तो वळला आणि त्याने तिच्याकडे थेट पाहिलं. "हे लोकांना पटवताना माझा घसा कोरडा पडतो."

"मी पदार्थविज्ञान शिकलेय. आधी भेटला असतात तर घसा वाचला असता."

तो हसला. हसताना त्याच्या कानावरचा खडू खाली पडला, आणि तो उचलायला वाकला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण विनाकारण केस सारखे करतोय.

सेटवर त्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. कॅमेरामन काकांच्या हाताखाली फोकस सांभाळणं हे त्याचं काम. कलाकार वीतभर पुढे सरकला की त्याने एक चाक केसभर फिरवायचं, म्हणजे चेहरा पडद्यावर स्वच्छ राहतो. तिला म्हणत 'गारुडीण'. मेडुसाचं डोकं तिने बनवलं होतं. शिक्षण संपल्यावर काही काळ तिने प्रयोगशाळेत उपकरणं जुळवली; मग एक दिवस कुणीतरी तिला चित्रपटासाठी हलणारा कावळा करून मागितला, आणि ती परत गेलीच नाही.

आताची मालिका ग्रीक पुराणकथांची होती. त्यातली मेडुसा म्हणजे केसांच्या जागी साप असलेली बाई. तिच्याकडे बघेल तो दगड होतो. पर्सियस नावाचा वीर तिला मारायला येतो, पण थेट बघत नाही. ढालीत तिचं प्रतिबिंब पाहून तलवार चालवतो. लहानपणी गारुडीण आणि तिची ताई सुट्टीत सतरंजीवर पालथ्या पडून पडद्यावरच्या मेडुसा बघायच्या. कुणी हिरवी, कुणी किंचाळणारी, कुणी सळसळत सरपटणारी. त्या दोघींना सगळ्याच आवडायच्या. तिला नवल वाटायचं ते याचं, की इतक्या जुन्या बाईला दर काही वर्षांनी कुणीतरी नव्याने उभं करतं, त्या त्या काळाचे दिवे तिच्यावर टाकतं, आणि ती दरवेळी काहीतरी वेगळं सांगते.

या वेळची मेडुसा दिग्दर्शिकेची होती. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "सगळं जग हिच्याकडे बघायचं टाळतं. साप तेवढे हिला सोडून जात नाहीत. मला फणा काढणारे साप नकोत. मला हिच्या घरची माणसं हवीत."

ते वाक्य ऐकलं आणि गारुडिणीने ठरवलं की हे काम आपलंच.

दोन वर्षं ती त्या डोक्यात बुडाली होती. आत स्प्रिंगांचे कणे, सायकलच्या ब्रेकसारख्या तारा, वर सिलिकॉनची कातडी. तारांची टोकं दोन हातमोज्यांत आणलेली, म्हणजे तिचं करंगळीचं पेर हललं की एखादा साप जांभई देई. पण बाईंनी एक अट घातली होती. ढालीतला शॉट या डोक्याने जिवंत वाटला, तर पुढच्या सगळ्या भागांत हेच डोकं. नाही वाटला, तर डोकं पेटीत जाईल आणि साप संगणकावर तयार होतील. ग्राफिक्सवाला माणूस भला होता, त्याचे सापही देखणे होते. म्हणूनच तिला जास्त धास्ती.

तालमी सुरू झाल्या. तो रोज टेपचं टोक मेडुसाच्या कानाशी आणून धरायचा आणि मापाला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ तिथे रेंगाळायचा. एका दुपारी पाऊस आला. सेट पत्र्याच्या गोदामात होता. पावसाचा आवाज इतका की ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. काम थांबलं. तो दोन कप चहा घेऊन आला आणि सामानाच्या खोक्यावर तिच्या शेजारी बसला... शेजारी म्हणजे मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

"ओळख करून द्या की," मेडुसाकडे हनुवटी करत तो म्हणाला.

तिने मोजा चढवला. "ही मोठी आत्या. सगळ्यांच्या आधी उठते आणि मग कुणाला झोपू देत नाही." कपाळावरच्या जाड सापाने मान उचलून शेजारच्याला ढोसलं. "हे भाऊजी. हलतात कमी, ऐकतात सगळं. या दोघी जुळ्या, एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आणि हा धाकटा मामा. दुसऱ्यांच्या अंगावर टेकून झोपायची सवय."

"भरलेलं घर आहे." तो वाकून बघत होता. "सासूबाई दिसत नाहीत कुठे."

"ती जागा अजून रिकामी आहे."

बोलून गेल्यावर तिने चहात पाहिलं. चहात बघण्यासारखं काही नव्हतं. पत्र्यावर पाऊस जोरात आला, म्हणून तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

पाऊस ओसरला तेव्हा तो म्हणाला, "माझं काम मजेशीर आहे. दिसलं की समजायचं, चुकलं. नीट झालं तर कुणाला कळतही नाही की कुणी केलं."

"मला तर पुसूनच टाकणार आहेत."

"कोण?"

"ग्राफिक्सवाले. म्हणून हे काळे कपडे, हा काळा पडदा तोंडावर. शॉटमध्ये मी आले तरी मागाहून संगणकावर पुसायचं."

त्याने कप खोक्यावर ठेवला. मग टेप उगाच ओढून सोडत म्हणाला, "पुसायच्या आधी मला विचारा म्हणावं."

त्यानंतर त्याने एक गोष्ट शोधून काढली, जी तिच्याही ध्यानात आली नव्हती. सगळे साप एकदम जागे झाले की वजन पुढे येतं आणि मेडुसाचं डोकं चार बोटं पुढे झुकतं. "आत्या उठली की मला चाक मागे घ्यावं लागतं," तो म्हणाला. त्याने जमिनीवर खडूने खूण केली, आणि पुढच्या तालमींत ती आत्याला उठवायची त्याच क्षणी त्याचा अंगठा हलायचा. मधे साडेअठरा फूट आणि एक ढाल... तरी दोघांचे हात एकदमच चालायचे.

शॉटच्या आदल्या दिवशी ती ताईच्या दवाखान्यात गेली. ताई दातांची डॉक्टर. जबड्याचा साचा घ्यायचा लगदा ताईच देई, आणि सापांचे सगळे जबडे त्यातूनच झाले होते.

"कातडी मानेपाशी चिरतेय," ती म्हणाली. "दिव्यांच्या उष्णतेने. फार तर दोनदा टिकेल."

"बरं," ताई लगदा डब्यात भरत म्हणाली. "आणि तो कोण?"

"कोण तो?"

"इतक्या वेळात तू तीनदा हसलीस. तुझे मागचे दात मला दिसले. एरवी आ कर म्हटलं तरी दाखवत नाहीस."

तिने डब्याचं झाकण लावायला घेतलं. "फोकस बघतो. बेरीज येते त्याला."

"अगं बाई. बेरीज येते म्हणजे झालंच की. सांगितलंस?"

"आधी शॉट होऊ दे."

"शॉट झाला की तो दुसऱ्या सेटवर. या लोकांचं विंचवाचं बिऱ्हाड, पाठीवर घेऊन हिंडतात. तुझं मात्र सगळं आधी मोजायचं, मग तपासायचं, मग पुन्हा मोजायचं."

"चुकून बोलण्यापेक्षा बरं."

"न बोलणं बरोबर येतं असं कुठल्या पुस्तकात शिकलीस?" ताईने विचारलं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

शॉटच्या दिवशी गोदामात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मेडुसा झालेली नटी सापांचं ते डोकं टोपासारखं चढवून खुर्चीवर पाठ ताठ करून बसली. गारुडीण तिच्या मागे, काळ्यात. पर्सियसने ढाल उचलून ठरलेल्या खुणेवर धरली. बाईंनी हळूच सुरू करायला सांगितलं.

साप झोपलेले. मग आत्याने मान उचलायची... आणि आत्या हलेना. तार कुठेतरी अडकली होती. तोंडावरच्या पडद्यातून नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने तो कोपराने वर सारला, ओठ दाताखाली धरला आणि अनामिका हलकेच वळवली. आत्या जागी झाली. तिने मामाला ढोसलं. एकेक करत सगळं घर जागं झालं, ढालीकडे वळलं, आणि तलवार दिसताच आपल्या माणसाच्या गालाशी दाटीवाटीने बिलगलं. नटीचे डोळे भरून आले. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पर्सियसचा तलवारीचा हात खाली आला. तेही लिहिलेलं नव्हतं.

बाई बराच वेळ थांबवायचं विसरल्या. थांबवल्यावर कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. फक्त तो कॅमेऱ्याशेजारी चाकावर हात ठेवून उभा होता आणि टाळ्या वाजवत नव्हता.

का, ते चित्रीकरण बघायच्या लहान खोलीत पडदा उजळला तेव्हा तिला कळलं.

ढालीतली मेडुसा धूसर होती. ओल्या काचेतून पाहावी तशी. आत्या, मामा, जुळ्या, सगळ्यांचा एक करडा लगदा झाला होता. आणि तिच्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, एक चेहरा. कपाळाला चिकटलेली बट, दाताखालचा ओठ, नाकावरचा घामाचा एकेक थेंब मोजून घ्यावा इतका स्वच्छ. तिला स्वतःला ओळखायला क्षणभर लागला. आपण काम करताना अशा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. इतकं मन लावून कुणी आपल्याला पाहिलं असेल, हेही नाही.

"साप मऊच दिसतायत," ग्राफिक्सवाला हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "सिलिकॉन आहे. दिवे पडले की धार जाते. मी म्हटलं होतं बाई."

बाईंनी हातातली वही मिटली. आवाज पेटीचं झाकण लागल्यासारखा आला.

तिच्या घशाशी एकच वाक्य आलं होतं. दोष सापांचा नाही, फोकसचा आहे. वाक्य बरोबर होतं, सिद्धही करता आलं असतं, आणि त्याने तिची दोन वर्षं वाचली असती. पण फोकसवाल्याची एवढी मोठी चूक दुसऱ्या दिवशी सगळ्या सेटांवर पोचते. मग त्याला कोण बोलावणार? ती मांडीवरचे हातमोजे दुमडत राहिली, उलगडत राहिली...

"साप मऊ नाहीत," मागून आवाज आला. तो उभा राहिला होता. "फोकस मागे गेलाय. दीड फूट."

"चाकाची मोटर सरकली असेल," काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. त्यांनी त्याच्यासाठी सुटायचं दार उघडून धरलं होतं.

"मोटर नाही काका. हात. माझाच."

बाईंनी खुर्ची वळवली. "फोकस चुकतो तेव्हा कुठेतरी भलतीकडे जातो. हा नेमका एका माणसावर जाऊन बसलाय. असं कसं झालं?"

"साप जागे झाले ना..." तो म्हणाला. त्याने टेप मुठीत घट्ट धरली होती. "मला वाटलं, हे जिवंत करतंय कोण. म्हणून पाहिलं. मग डोळे तिथून हलेनात, आणि हात डोळ्यांच्या मागे गेला."



"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," काका पुटपुटले.

"कातडी आणखी किती टिकेल?" बाईंनी तिला विचारलं.

"आज रात्री सांधली तर... एकदा."

"मग उद्या एकदा. फोकस दुसरा कुणीतरी बघेल."

"नको."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजाला अशी सवय नव्हती. तो जरासा फाटला. "साप जागे झाले की डोकं चार बोटं पुढे येतं. कधी येतं, किती वेगाने येतं, हे फक्त यांच्या हाताला माहीत आहे. नवा माणूस चुकेल. फोकस यांनीच बघावा."

"हे शास्त्रीय कारण झालं," बाई म्हणाल्या. "दुसरं काही आहे?"

"आहे. पण ते शॉटसाठी लागत नाही."

काकांना एकदम खोकला आला. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. "ठीक आहे. उद्या," त्या म्हणाल्या. "आणि फूटपट्टी, उद्या सतरा."

"सतरा," तो म्हणाला.

सकाळी तो माप घ्यायला आला तेव्हा आत्याच्या मानेवर ताईच्या लगद्याचं बारीक गुलाबी ठिगळ होतं आणि गारुडिणीच्या डोळ्यांखाली जागरण. टेपचं टोक मेडुसाच्या कानाशी धरून तो नेहमीसारखा थांबला.

"आज मी तुमच्याकडे बघणार नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"बघूच नका. आत्या रागावेल."

"रात्रभर घोकलंय. सतरा, सतरा, सतरा."

"आणि ती उठली की?"

"पावणेसतरा." मग अगदी हळू, "काल तुमचं नुकसान केलं मी."

ती टेपकडे बघत म्हणाली, "काल मला गप्प बसायचं होतं. तुमच्यामुळे बसता आलं नाही. ते नुकसान नव्हे."

तिने काळा पडदा तोंडावरून नीट खाली ओढला, टोकं कॉलरमध्ये खोचली. तारा आदल्या रात्री एकेक करून पुसलेल्या. बाईंनी सुरू करायला सांगितलं आणि आत्या पहिल्याच इशाऱ्याला उठली, मामाला ढोसून, जुळ्यांना हलवून, सगळ्यांना त्या एकट्या मेडुसाच्या गालाशी घेऊन आली. सगळं करताना गारुडिणीला त्याचा अंगठा दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती.

लहान खोलीत या वेळी कुणी बसलं नाही. पडद्यावर सापाचा खवला न् खवला दिसत होता. आत्याच्या डोळ्यात ढाल चमकत होती, मामाची झोप अजून पापण्यांवर होती, आणि त्या साऱ्यांच्या मधे एका बाईचा चेहरा होता, जिच्याकडे इतक्या काळाने कुणीतरी न घाबरता पाहत होतं. मागे कुठेतरी एक काळा, मऊ डाग. बाईंनी शॉट पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. शेवटी ग्राफिक्सवाला जाऊन मेडुसाच्या डोक्यापाशी उभा राहिला आणि त्याने बोटाने आत्याची हनुवटी हलकेच उचलली. "यांना मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "मागची सावली तेवढी पुसतो."

"डोकं राहील," बाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या शॉटची चौकशी करत निघून गेल्या.

पुढचे शॉट समुद्रावर होते. जहाजं, वादळ, वीराचा परतीचा प्रवास. कॅमेऱ्याच्या माणसांना त्याच दुपारी निघायचं होतं. तिला मात्र इथेच राहून कातडी नव्याने ओतायची होती. गोदामाबाहेर पाऊस नुकताच थांबला होता. गाडीवर पेट्या चढत होत्या. काका पुढच्या जागेवर बसून पायांचा चिखल झाडत होते. ती बाहेर आली ती हातमोजे काढायचं विसरूनच, आणि मोकळ्या तारा तिच्या मनगटांवरून लोंबत होत्या.

"काल तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत," ती म्हणाली. "माझं राहिलं."

त्याने हातातली पेटी खाली ठेवली. "काय राहिलं?"

"ते दुसरं कारण. शॉटसाठी लागत नव्हतं ते."

"अच्छा," तो म्हणाला.

"तालमीत तुम्ही टेप घेऊन जवळ आलात की आत्या वेळेआधी उठायची. मला वाटलं तार सैल आहे. ताणली. स्प्रिंग बदलली. मोजा दुसरा शिवला. तरी तेच." तिने श्वास घेतला. "मग तुम्ही नसताना करून पाहिलं. तेव्हा ती वेळेवर उठते. म्हणजे दोष यंत्रात नाही. माझ्या हातात आहे. तुम्ही आलात की तो माझं ऐकत नाही."

झाडावरचं पाणी गाडीच्या टपावर टपटपलं.

"आणि... मला तो दुरुस्त करायचा नाहीये," ती म्हणाली.

टेप कमरेला होती, खडू कानावर होता, आणि तो नुसता उभा होता, तिच्याकडे बघत.

"काहीतरी बोल," ती म्हणाली. "गाडी निघेल."

"बोलतो," तो म्हणाला... आणि बोलला नाही. फक्त एक पाऊल पुढे आला, तिच्या मनगटावरून लोंबणारी तार त्याने दोन बोटांत धरली आणि जपून, गुंता होऊ न देता, तिच्या तळहाताभोवती गुंडाळायला लागला.

चालकाने हॉर्न दिला. थोड्या वेळाने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा देणार तेवढ्यात काकांनी खिडकीतून मागे वळून पाहिलं आणि चालकाचा हात धरला.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले. "याला वेळ लागेल."